गालिचा धुतला, पण खळबळला का?



चातुर्मास जवळ आला की प्रत्येक संघात तीन विषय निघतात. महासतीजींचा प्रवेश कोणत्या दिवशी, गौतमप्रसादी कोणाकडे, आणि स्थानकातली कार्पेटं धुवायला कोणाला द्यायची. पहिल्या दोन विषयांवर प्रत्येकाला मत असतं. तिसरा विषय पाच मिनिटांत संपतो. दोन-तीन दर येतात, सगळ्यांत कमी दराचा माणूस ठरतो आणि चहा येतो. माझं म्हणणं असं की सगळं बिघडतं ते त्या पाच मिनिटांत. ‘चौरस फुटाला किती?’ एवढंच तिथे विचारलं जातं. ‘लावलेला साबण बाहेर कसा काढणार?’ असं कोणी विचारत नाही. धुतलेलं कार्पेट आठ दिवसांत पुन्हा काळं का पडतं, याचं उत्तर मात्र या दुसऱ्या प्रश्नात आहे.

मागच्या वर्षी आमच्या स्थानकात पर्युषणाच्या चार दिवस आधी एका ठेकेदाराकडून सगळी कार्पेटं धुऊन घेतली गेली. मशीन होतं, चार मुलं होती, आणि फेस एवढा की गल्लीतली पोरं बघायला जमली. संध्याकाळी हॉलमध्ये गुलाबाचा वास दरवळत होता. बघणाऱ्या प्रत्येकाने मान डोलावली. पर्युषणाच्या तिसऱ्या दिवशी दारापासून व्याख्यानाच्या पाटापर्यंत एक राखाडी वाट उमटली. संवत्सरीच्या प्रतिक्रमणाला बसलेल्या बायका उठल्या, तेव्हा कितीतरी जणींच्या साडीच्या काठाला तीच राखाडी छटा लागलेली होती. कोणी म्हणालं, “नगरची धूळच तशी.” आपल्या जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, धूळ मात्र जुनीच आहे, हे मला मान्य आहे. पण तीच धूळ धुण्याच्या आधीही होती. वर्षभरात जेवढं कार्पेट मळलं नव्हतं, तेवढं धुतल्यावर आठवड्याभरात मळलं. मग यात धुळीचा दोष किती आणि धुण्याचा किती?

साबण किंवा डिटर्जंट काम कसं करतो, हे एकदा डोळ्यांसमोर आणा. त्याच्या प्रत्येक कणाला दोन टोकं असतात. एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला आणि मळाला. दोघांना धरून तो मळ धाग्यावरून सुटा करतो आणि पाण्यात आणतो. इथपर्यंत अर्धंच काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे तो मळ आणि तो साबण, दोघांनाही स्वच्छ पाण्याबरोबर बाहेर घालवणं. कपड्यांच्या बाबतीत हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. साबण एकदा लावतो, खळबळतो दोनदा-तीनदा. डोक्यावरून न्हाताना घाईत शांपू नीट निघाला नाही, तर दुसऱ्या दिवशी केस कसे चिकट आणि मळकट दिसतात, हेही प्रत्येकीला माहीत आहे.

कार्पेट मात्र बादलीत बुडवता येत नाही आणि पिळता येत नाही. त्यामुळे साबण लावला जातो आणि पुष्कळदा तिथेच वाळतो. पाणी उडून जातं, साबण उडून जात नाही. धाग्याधाग्यावर त्याचा पातळ, चिकट लेप राहतो. वरून बघायला तो दिसत नाही, उलट पहिल्या दिवशी कार्पेट उजळच वाटतं. पण साबणाचं मळ धरणारं टोक अजून तिथेच आहे. अनवाणी तळव्यांचं तेल, रस्त्याची धूळ, गाड्यांच्या धुराची काजळी, जे येईल ते त्या लेपाला धरून बसतं. म्हणूनच नीट न खळबळलेलं कार्पेट न धुतलेल्या कार्पेटापेक्षा लवकर मळतं. मग आपण म्हणतो, ‘यंदा लवकर घाण झालं, पुन्हा धुवायला द्या.’ दुसऱ्या वेळी आणखी साबण, आणखी लेप. हे चक्र असंच चालू राहतं.

काही मागे राहिलं की ते चिकटच असतं, असं नाही. आपल्या भागातली घोंगडी आठवा. विणताना तिला चिंचोक्यांची खळ देतात. ती खळ वाळली की कडक होते. साबणाचा लेप मात्र वाळूनही चिकट राहतो. आता बाजारात अशी काही द्रव्यं आली आहेत जी मळाला गुंडाळतात, वाळली की ठिसूळ होतात आणि व्हॅक्यूमने ओढून निघतात. चांगले सफाईवाले ती वापरतातही. पण स्वस्त दरात काम घेणारा माणूस बहुधा कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण आणतो. या दोन्ही वस्तू भरपूर पाण्याने धुऊन काढण्यासाठी बनवलेल्या आहेत. कार्पेटावर तेवढं पाणी घालता येत नाही आणि घातलं तर ओढून काढता येत नाही. कपड्यांच्या पावडरीत सोडाही असतो, त्यामुळे लोकरीचा गालिचा राठ होतो आणि कच्चा रंग सुटतो.

आपल्याकडे यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. पहिली म्हणजे पाणी. नगर शहराला मुळा धरणाचं पाणी येतं, पण टंचाईत, उपनगरांत आणि तालुक्याच्या गावांत बोअरच्या पाण्यावर भागवावं लागतं. ते बहुतेक ठिकाणी जड असतं. नळाच्या तोटीवर आणि गीझरच्या कॉइलवर जमणारा पांढरा थर त्याचाच. जड पाण्यातले क्षार साध्या साबणाशी मिळून न विरघळणारा साका तयार करतात. कपडे धुतल्यावर बादलीच्या कडेला जो पांढुरका चिकट पट्टा दिसतो, तो हा साका. तोच कार्पेटातही बसतो. डिटर्जंटचा साका तेवढा होत नाही, पण जड पाण्यात फेस कमी येतो. फेस कमी दिसला की धुणारा आणखी एक ओंजळ पावडर टाकतो. समोर उभं राहून बघणाऱ्यांनाही फेस दिसला की समाधान वाटतं. फेसावरून स्वच्छता मोजायची ही सवय मोडली, तर अर्धा प्रश्न सुटेल.

दुसरी गोष्ट म्हणजे आपली काळी माती. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात पाणी पिऊन फुगते आणि पायाला लोण्यासारखी चिकटते. वर्षभर पायांबरोबर तीच बारीक होऊन कार्पेटाच्या मुळाशी बसलेली असते. कोरडी असेपर्यंत ती झटकून किंवा ओढून निघते. तिच्यावर पाणी घातलं की आतल्या आत चिखल होतो. म्हणून पाण्याचा थेंब पडण्याआधी कोरडी सफाई झालीच पाहिजे, तीही घाईची नको. कार्पेटातली बहुतेक घाण कोरडी धूळच असते. आपल्या आजी-पणजी सतरंज्या दोरीवर टाकून काठीने झोडायच्या, उन्हात घालायच्या आणि वर्षातून एखादा धुवा पुरायचा. लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ यांनी १९०१ साली हवेने धूळ ओढणारं यंत्र तयार केलं. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर अॅबेतले गालिचे त्याच यंत्राने साफ केले होते. राजाच्या समारंभाचे गालिचे साबण-पाण्याशिवाय उजळले, तर आपल्या सतरंज्यांनाही आधी तेवढी संधी द्यायला काय हरकत आहे?

कोरड्या सफाईतही जयणा हवी. थेट व्हॅक्यूम फिरवू नये. आधी कार्पेट उलगडून उजेडात बघावं, मऊ कुंच्याने किंवा पुंजणीने हलकेच झाडावं, मुंगी-किडा असेल तर त्याला वाट द्यावी, आणि मगच यंत्र लावावं. याला दहा मिनिटं जास्त लागतात. धुणाऱ्याला घाई असेल, तर हे काम मंडळातल्या बायकांनी आदल्या संध्याकाळी उजेड आहे तोवर करून ठेवावं.

आता धुतल्यावर डाग परत का येतो, तेही बघू. तीर्थयात्रेच्या मीटिंगला सांडलेला चहा धुताना गेला, वाळल्यावर त्याच जागी पुन्हा तपकिरी वर्तुळ उमटलं, असं पुष्कळांनी पाहिलं असेल. फरशी पुसायच्या कपड्याचं एक टोक बादलीत राहिलं, की थोड्या वेळात सगळा कपडा ओला होतो. कार्पेटाचंही तसंच होतं. जास्त पाणी घातलं की ते मुळापर्यंत जातं आणि तिथली घाण विरघळवतं. वाळताना ओल धाग्यांतून वर चढते आणि घाण टोकावर आणून ठेवते. पाणी कमी घालणं, ओढून काढणं आणि पंखे लावून लवकर वाळवणं, हाच त्यावर उपाय. उरलेल्या ओल्या डागावर पांढरा सुती कपडा घालून वर वजन ठेवलं, तर ती घाण कपड्यात चढते.

इथे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं सांगते. सामायिक घेताना आपण इरियावहियाचा पाठ म्हणतो. जाता-येता कोणकोणत्या जीवांना आपल्याकडून त्रास झाला असेल, त्यांची नावं त्यात येतात. त्यात एक शब्द ‘पणग’ असा आहे. पणग म्हणजे फूलन, रोजच्या भाषेत बुरशी. भाद्रपदात नगरकडे पावसाचा जोर असतो. परतीचा पाऊस इथे बऱ्याचदा याच दिवसांत चांगला पडतो. हवा दमट, ऊन नाही, हॉलच्या खिडक्या पावसामुळे बंद. अशा वेळी चिंब भिजवलेलं कार्पेट वरून कोरडं वाटलं, तरी खालून दोन-तीन दिवस ओलं राहतं. त्यात साबणाचा लेप आणि मळ असेल, तर फूलन यायला आणखी काय लागतं? मग शे-दोनशे बायका त्याच कार्पेटावर आसन टाकून बसतात आणि पणगाची क्षमा मागतात. क्षमा मनापासून असते, याबद्दल मला शंका नाही. पण ती मागायची वेळ येऊ नये, हे आपल्या हातात होतं. लोकरीच्या गालिच्याला कसर लागते तीही अशाच मळकट, दमट, न हलवलेल्या जागी. त्यावर धुणारा माणूस ‘थोडं औषध मारून देतो’ म्हणतो, आणि कमिटी मान हलवते. स्थानकात जीव मारायचं औषध! कार्पेट कोरडं आणि स्वच्छ ठेवलं असतं, तर तो प्रश्नच आला नसता.

म्हणून कार्पेटं पर्युषणाच्या तोंडावर धुण्याची पद्धत बंद करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे त्यासाठी योग्य काळ वैशाखाचा. २८ मार्चला आचार्य आनंदऋषीजींची पुण्यतिथी असते, बाहेरगावचे भाविक नगरला येतात, हॉल आणि मंडप भरलेले असतात. नंतर अक्षय्य तृतीयेला वर्षीतपाची पारणी होतात. ती गर्दी ओसरली की मृग लागेपर्यंत महिनाभर मोकळा मिळतो. ऊन कडक, हवा कोरडी. त्या दिवसांत सकाळी धुतलेली सतरंजी संध्याकाळपर्यंत वाळते, जाड कार्पेटही पंख्यांखाली दुसऱ्या दिवशी कोरडं होतं. चातुर्मासात मग फक्त रोजची कोरडी झाड आणि आठवड्याला एक व्हॅक्यूम पुरेल. पर्युषणाआधी फार तर डागापुरती सफाई करावी.

माझं हे म्हणणं मी मंडळात मांडलं, तेव्हा काही हरकती आल्या. त्या योग्य होत्या, म्हणून त्यांचा विचार इथे करते.

पहिली हरकत एका ज्येष्ठ काकीजींची होती. “खळबळायचं म्हणजे आणखी पाणी. अपकायाचे जीव नाहीत का? आणि नगरमध्ये पाणी आहे कुठे?” हा प्रश्न हलका नाही. पण हिशोब एका धुण्याचा करू नये, वर्षाचा करावा. साबण मागे ठेवून धुतलेलं कार्पेट वर्षात तीनदा धुवावं लागतं. साबण पूर्ण काढून धुतलेलं वर्षातून एकदा पुरतं, मध्ये कोरडी सफाई चालू असेल तर त्याहूनही जास्त चालतं. शिवाय साबण मुळात मापात घातला, तर तो काढायला पाणीही कमी लागतं. पाणी वाचवण्याचा खरा मार्ग साबण कमी करण्यातून जातो. आणि जे पाणी वापरायचं ते गाळूनच. मशीनच्या टाकीत निघालेलं काळं पाणी कुठेही ओतू देऊ नये. ते गवतावर किंवा उघड्या गटारात टाकलं तर किती जीव जातात, हे आपल्याला ठाऊक आहे. परठायची जागा आधी ठरवून धुणाऱ्याला दाखवावी.

दुसरी हरकत पैशांची. चांगलं काम करणारा दर जास्त सांगतो. हो, सांगतो, आणि त्याने सांगावाच. फेस करायला वेळ लागत नाही, फेस काढायला लागतो. जो मुलगा चौरस फुटावर पैसे घेतो आणि ज्याला त्याच दिवशी आणखी दोन हॉल उरकायचे आहेत, तो खळबळण्याचा हात वगळणारच. त्या मुलांना दोष द्यायला मी तयार नाही. आपण ज्याचे पैसे देतो, तेच काम आपल्याला मिळतं. वर्षात तीनदा स्वस्तात धुण्यापेक्षा एकदा नीट धुण्याचे पैसे दिले, तर संघाचा खर्च वाढत नाही, आणि दात्याने श्रद्धेने दिलेलं कार्पेटही जास्त वर्षं टिकतं. ते दान जपणं हीसुद्धा आपली जबाबदारी आहे.

तिसरी हरकत अशी की रिठ्याने धुवावं, म्हणजे रसायनं नकोत. रिठा चांगलाच आहे, लोकरीला तर तो सोसतो. पण रिठ्यालाही फेस येतो, आणि त्याचं तपकिरी पाणी धाग्यात राहिलं तर तेही चिकटतं. रिठा असो की कंपनीचं द्रव्य, मागे काही ठेवायचं नाही, हा नियम दोन्हींना सारखा. गुलाबाचा वास आणि कपडे मऊ करणारं द्रव्य यांना तर सरळ नाही म्हणावं. ते मऊपण स्निग्ध थराचं असतं, आणि त्या थरावर धूळ बसते.

चौथी हरकत सगळ्यात मुळाची होती. महासतीजी जमिनीवर, पाटावर, स्वतःच्या आसनावर बसतात, मग आपल्याला कार्पेट हवंच कशाला? खरं सांगायचं तर मी या मताच्या जवळ आहे. जाड लवीच्या कार्पेटात जीव दिसत नाही, पुंजता येत नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेलं कार्पेट तर स्थानकात नसावंच, कारण ते उचलून खाली बघता येत नाही आणि उन्हात घालता येत नाही. पण पौषात थंडगार फरशीवर दोन-दोन सामायिक करणाऱ्या आपल्या वयस्क सासूबाई आणि काकीजी यांचे गुडघेही मला दिसतात. त्यांच्यासाठी सुती सतरंज्या ठेवाव्यात, ज्या दोन जणींना उचलता येतील, झटकता येतील आणि दोरीवर वाळवता येतील. जी कार्पेटं आधीच आहेत ती फेकू नयेत, नीट राखावीत.

काम द्यायच्या आधी काय विचारायचं, ते लिहून ठेवा. पाणी लावण्याआधी कोरडी सफाई किती वेळ करणार? द्रव्य कोणतं, आणि बादलीला किती माप? त्यावरचं माप समोर वाचून घ्या, अंदाजाने ओतू देऊ नका. साबणाच्या हातानंतर नुसत्या स्वच्छ पाण्याचे किती हात देणार? पाणी न सोडता नुसतं ओढून काढायचे किती हात? वाळवायला पंखे कोण आणणार? या प्रश्नांची उत्तरं सरळ मिळाली, तर दर थोडा जास्त असला तरी काम द्यावं. उत्तराऐवजी ‘काळजी करू नका, एकदम नवं करून देतो’ एवढंच मिळालं, तर दुसरा माणूस बघावा.

काम झाल्यावर दोन परीक्षा घ्या. पैसे त्यानंतर द्या. शेवटच्या हाताला मशीनने जे पाणी ओढलं, ते एका पारदर्शक बाटलीत अर्धं भरा, झाकण लावून जोरात हलवा आणि ठेवून द्या. फेस लगेच विरला तर ठीक. बराच वेळ टिकला, तर साबण अजून कार्पेटात आहे, आणखी स्वच्छ पाण्याचा हात हवा. दुसरी परीक्षा कार्पेट वाळल्यावर. पांढरा रुमाल कोमट पाण्यात भिजवून पिळावा आणि एका जागी सात-आठ वेळा घासावा. हाताला बुळबुळीत लागलं किंवा फेसाची रेघ दिसली, तर काम अर्धं राहिलं आहे. एक खूण आधीच दिसते. मशीनची टाकी फेसाने भरून येते आणि माणूस तिच्यात फेस मारायचं औषध घालतो, तेव्हा समजा की मागच्या धुण्याचा साबण आता बाहेर पडतो आहे. अशा वेळी नवा साबण लावूच देऊ नका. नुसत्या कोमट पाण्याने, फेस थांबेपर्यंत काढून घ्या.

घरच्या गालिच्यासाठीही हेच. दिवाळीच्या साफसफाईत भांड्यांचा साबण ओतून ब्रशने घासण्याचा मोह आवरा. डाग पडला की आधी कोरड्या कपड्याने टिपून घ्या, घासू नका. मग कोमट पाणी, गरज पडली तर पेलाभर पाण्यात साबणाचे दोन-चार थेंब. त्यानंतर नुसत्या पाण्याने निदान दोनदा टिपा. शेवटच्या पाण्यात थोडी आंबट वस्तू घातली, तर साबणाचा आणि सोड्याचा खारटपणा मारला जातो. इंटरनेटवर यासाठी व्हिनेगर सांगतात. आंबवलेलं म्हणून आपल्यापैकी कितीजणी ते घरात आणत नाहीत. त्याची गरजही नाही. ढोकळ्यासाठी आपल्याकडे लिंबूफूल असतंच. दहा लिटरच्या बादलीला एक छोटा चमचा पुरतं. आधी कोपऱ्यावर लावून रंग सुटत नाही ना, ते बघा. रेशमी किंवा हाताने विणलेल्या जुन्या गालिच्यावर मात्र घरी प्रयोग नकोत. आणि दाराशी काथ्याचं जाड पायपुसणं ठेवा, तेच रोज झटका. स्थानकाच्या पायरीशीही ते हवं. पाय धुऊन येणाऱ्यांसाठी एक कोरडं कापडही ठेवावं, कारण ओला तळवा धूळ जास्त आणतो.

आपल्यापैकी पुष्कळजणींनी व्याख्यानात उत्तराध्ययन सूत्रातला मातीच्या दोन गोळ्यांचा दृष्टांत ऐकला असेल. भिंतीवर फेकलेल्या दोन गोळ्यांपैकी ओला चिकटतो, कोरडा खाली पडतो. कर्म कुणाला चिकटतं हे समजावण्यासाठी तो सांगितला जातो. कषायाचा ओलावा असेल तिथे ते बसतं. कार्पेटाची गोष्ट त्या दृष्टांताएवढी मोठी नाही, पण धूळ आणि लेप यांचा नियम तोच आहे. धूळ येणारच, नगरमध्ये तर येणारच. तिला धरून ठेवणारं काही आपण मागे ठेवू नये, एवढंच आपल्या हातात असतं.

येत्या मीटिंगमध्ये मी दोन ठराव मांडणार आहे. कार्पेटं यापुढे अक्षय्य तृतीयेनंतर आणि मृगाआधी धुवावीत. आणि दरपत्रकात ‘स्वच्छ पाण्याचे हात किती’ हा रकाना असावा, तो रिकामा असेल तर दर वाचूच नये. तुमच्या संघातही महिला मंडळाने हे मांडावं, असं मला वाटतं. कमिटीत बहुतेक पुरुष असतात आणि त्यांच्यापैकी थोड्यांनीच आयुष्यात कपडे खळबळले असतील. आपण रोज खळबळतो. या एका विषयावर तरी आपलं मत शेवटचं मानलं जायला हवं.

जय जिनेंद्र.